हिरा रजिस्टर भरण्याआधी: कामाच्या जागेवरचा धोका कसा ओळखावा आणि कोणत्या खान्यात टाकावा

नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत कुठल्याही मध्यम कारखान्यात ऑफिसच्या कपाटात 'हिरा'ची फाइल असते. धोका ओळखणे आणि जोखीम मोजणे, या कामाच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून पडलेलं हे नाव. फाइल जाड असते, रंगीत छापलेली असते आणि बऱ्याचदा दुसऱ्याच कारखान्याच्या फाइलवरून उतरवलेली असते. हे कळतंही लगेच. युनिटमध्ये बॉयलर नसताना बॉयलरचे चार धोके लिहिलेले सापडतात, आणि पॅकिंगमधल्या लोखंडी कूलरचं नावही कुठे नसतं.

खाली दिलेली पद्धत १० ते १०० माणसांच्या युनिटसाठी आहे: फॅब्रिकेशन, प्रेस शॉप, डाळ मिल, आरा गिरणी, गोदाम, पॅकिंग. बाजारगाव-धामणा पट्ट्यातल्या स्फोटकांच्या कारखान्यांना ती पुरणार नाही. तिथले नियम वेगळे आणि तिथल्या अभ्यासाला त्या विषयाचाच जाणकार हवा. स्फोटकं, पेट्रोलियम आणि गॅस सिलिंडरच्या परवान्यांचं काम पाहणारी पेसो ही केंद्रीय संस्था, तिचं मुख्यालय नागपुरातच, सेमिनरी हिल्सला आहे. तुमच्याकडे सिलिंडरचा किंवा सॉल्व्हंटचा साठा मोठा असेल तर परवाना लागतो का, हे आधी तिथे विचारून घ्या.

आधी वाक्य नीट लिहायला शिका

धोका म्हणजे इजा करू शकणारी वस्तू, पदार्थ, ऊर्जा किंवा स्थिती. जोखीम म्हणजे ती इजा होण्याची शक्यता किती आणि झालीच तर केवढी. रजिस्टरमध्ये या दोन्हींची सरमिसळ होते, आणि वर तिसरीच गोष्ट लिहिली जाते: "हेल्मेट न घालणे", "हातमोजे नाहीत", "कामगाराचा निष्काळजीपणा". यातलं एकही धोका नाही.

ओळखायची युक्ती सोपी आहे. उद्यापासून सगळ्यांनी हेल्मेट घातलं असं समजा. मग तिथे काय उरतं? डोक्यावर चार मीटर उंचीच्या रॅकमध्ये सुटे ठेवलेले, कधीही घसरतील असे पाइप. तो धोका. हेल्मेट हा त्याच्यावरचा एक उपाय, आणि तोही तुटपुंजा. तसंच "पडणे", "भाजणे", "शॉक" हे परिणाम आहेत. त्यांच्या आधी काय होतं ते लिहायला हवं.

प्रत्येक नोंदीत चार गोष्टी याव्यात: काय, कोणत्या कामात, कोणाला, काय होईल. उदाहरणार्थ, पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसची नोंद: "पंचाला चिकटलेला तुकडा बोटाने काढताना, पाय पेडलवर असतो, ऑपरेटरची बोटं तुटू शकतात." हे वाचून उपाय कुठे करायचा ते लगेच दिसतं. "प्रेस मशीन – यांत्रिक धोका – पीपीई वापरा" असं लिहिलं तर काहीच दिसत नाही (पीपीई म्हणजे अंगावर घालायची संरक्षक साधनं). आणि पॉवर प्रेसखाली कोणता हातमोजा बोट वाचवतो, हेही एकदा स्वतःला विचारून पाहा.

फेरी मारण्याआधी अर्धा तास कागद

युनिटचा हातानेच नकाशा काढा: मशीन, डीबी (वीज वाटणारा बोर्ड), कॉम्प्रेसर, सिलिंडर, रंगाची जागा, दारं, माल चढवायची जागा. मग कामांची यादी करा, मशीनची नव्हे. मशीन एक असलं तरी त्यावर कामं पाच होतात: चालवणं, डाय (साचा) बदलणं, जाम काढणं, तेल-ग्रीस, सफाई. रोजच्या कामापेक्षा या अधल्यामधल्या कामांत माणूस जास्त सापडतो, कारण तेव्हा गार्ड उघडलेला असतो आणि घाई असते. ठेकेदाराची माणसं, हमाल, ट्रकचा ड्रायव्हर, रात्रीचा चौकीदार आणि सफाईवाली बाई हेही यादीत हवेत. त्यांचं नाव कुठल्याच मशीनपुढे येत नाही, म्हणून ते सुटतात.

अपघात रजिस्टर पाहाच, पण त्याहून खरं बोलते ती प्रथमोपचार पेटी. पट्ट्या कोणत्या विभागात लवकर संपतात? बर्नॉल कोण मागून नेतं? डोळ्यांत टाकायचे थेंब कुठे लागतात? अपघात लपतो, पट्टी लपत नाही. मेंटेनन्सच्या वहीत एकच पट्टा किंवा एकच लिमिट स्विच तीन महिन्यांत चार वेळा बदलला असेल तर तिथे कोणीतरी चालत्या मशीनशी झटत असतं, असं समजून चाला.

रसायनांचे सुरक्षा माहितीपत्रक पुरवठादाराकडून मागवा. त्यात १६ भाग असतात. सगळे वाचायला वेळ नसेल तर दुसरा (धोके), चौथा (प्रथमोपचार) आणि आठवा (संपर्काची मर्यादा व संरक्षण) हे तीन वाचल्याशिवाय ड्रम आत घेऊ नका.

फेरी: मशीनकडे नको, हाताकडे पाहा

सकाळी अकरा वाजता, सगळं सुरळीत चालू असताना मारलेल्या फेरीत काही सापडत नाही. जेवणाच्या सुट्टीआधीची १५ मिनिटं, शिफ्ट बदलताना, माल अर्जंट असेल तेव्हा, रात्री दोन वाजता आणि साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवशी सफाई चालते तेव्हा जा. एका मशीनजवळ किमान २० मिनिटं एका जागी उभं राहा. पहिली पाच मिनिटं माणूस तुम्हाला दाखवण्यासाठी काम करतो. नंतर विसरतो आणि रोजच्यासारखं करू लागतो.

पॉवर प्रेसवर काय पाहायचं ते बारकाईने सांगतो, कारण याच पद्धतीने बाकी मशीन पाहता येतात.

ऑपरेटरचा डावा हात पट्टी सरकवतो, उजवा तुकडा उचलतो, पाय पेडलवर. आता पाहा की दर स्ट्रोकनंतर पाय पेडलवरून उठतो का, की तिथेच टेकलेला राहतो. टेकलेला असेल तर तोल जाताच प्रेस खाली येणार. पेडलवर लोखंडी टोपण आहे का, की वरून पडलेल्या तुकड्यानेही ते दाबलं जाईल? तुकडा पंचाला चिकटतो तेव्हा तो कशाने काढतात: चिमटा, सळई की बोट? चिमटा असेल तर तो हाताला लागेल तिथे आहे की टूलबॉक्सच्या तळाशी? आणि ऑपरेटरला विचारा, कधी एकदा दाबून दोनदा खाली येते का? "कधी कधी येते" असं उत्तर आलं तर फेरी थांबवा आणि ती प्रेस बंद करा. बहुधा क्लचची चावी किंवा स्प्रिंग झिजली आहे, आणि प्रेस पुन्हा असं कधी करेल याचा नेम नाही.

इथे एक चूक महागात पडते. जुन्या प्रेसना चावीचा क्लच असतो. एकदा सुटला की तो फेरा पुरा करतो, मध्ये थांबत नाही. अशा प्रेसवर लाइट कर्टन (हात आत गेला की मशीन थांबवणारा किरणांचा पडदा) बसवून पैसे वाया जातात आणि खोटा भरवसा वाटतो तो वेगळाच: किरण तुटतो, सिग्नल जातो, प्रेस तरीही खाली येते. तिथे स्थिर जाळी किंवा पेडलऐवजी दोन हातांनी एकदम दाबायची बटणं हवीत, आणि ती बटणं डायपासून पुरेशी लांब हवीत. नाहीतर माणूस बटणं सोडून हात डायपर्यंत नेतो, तेव्हा स्लाइड (प्रेसचा वर-खाली होणारा भाग) अजून उतरत असते. लाइट कर्टन चालतो फक्त घर्षण क्लच आणि ब्रेक असलेल्या प्रेसवर.

डाय बदलताना दुसरा धोका समोर येतो. मोटर बंद केली तरी फ्लायव्हील काही वेळ फिरत राहतं आणि तेवढ्या ताकदीवर एक स्ट्रोक सहज होतो. म्हणून मोटर बंद, डीबीला कुलूप, फ्लायव्हील पूर्ण थांबलेलं, आणि स्लाइडखाली सेफ्टी ब्लॉक (तिला अडवणारा ठोकळा), या क्रमानेच. कुलपाची किल्ली ज्याचा हात आत जाणार त्याच्याच खिशात. "स्विच बंद केलाय ना" यावर विसंबून राहिलं की कोणीतरी दुसरा येऊन तो चालू करतोच.

ऑपरेटरशी बोलणं हीदेखील एक कला आहे. "काय भाऊ, इथे काही धोका आहे का?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "नाही साहेब, सब बढिया." त्याऐवजी विचारा: "जाम झाला की कसं काढता?" "नव्या पोराला पहिल्या दिवशी काय सांगता?" "कोणत्या मशीनवर बसायला नको वाटतं?" "मागच्या महिन्यात कधी काळजात धस्स झालं?" शेवटच्या प्रश्नातून थोडक्यात टळलेले अपघात बाहेर येतात. सुपरवायझर बाजूला उभा असेल तर ते येणार नाहीत, त्याला चहाला पाठवा.

वर्गवारी: एकाच वस्तूचे तीन-चार खाने

नेहमीचे खाने असे: यांत्रिक, विद्युत, भौतिक (उष्णता, आवाज, कंपन, उजेड), रासायनिक, जैविक, शरीरावर ताण आणणारे म्हणजे एर्गोनॉमिक, आणि मानसिक-सामाजिक. उंची, आग-स्फोट आणि बंदिस्त जागा यांचे खाने वेगळेच केलेले बरे. कोणता खाना हे ठरवायचं ते वस्तूच्या नावावरून नव्हे, तर शरीराला काय लागणार आणि कुठून लागणार यावरून. कारण खाना बदलला की उपाय करणारा माणूस बदलतो: वायरमन, फिटर, डॉक्टर की मालक.

नागपुरातलं सगळ्यात ओळखीचं उदाहरण घ्या, लोखंडी कूलर. मार्च संपला की माळ्यावरून उतरतो, नव्या ताट्या (गवताच्या बाजू) लागतात, आणि पंपाची वायर मागच्या वर्षीचीच चिकटपट्टी लावलेली असते.

विद्युत: पाण्यातल्या पंपाचं आवरण तडकलं की करंट पाण्यात आणि पत्र्यात उतरतो. कूलर रबरी चाकांवर असल्याने कोणालाच कळत नाही, जोवर ओल्या फरशीवर उभा असलेला कोणी पाणी भरताना हात लावत नाही. माणसाचा जीव घ्यायला पन्नास-शंभर मिलिअँपिअर पुरतात, तर साधा एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) अनेक अँपिअरची वाट पाहतो. म्हणून तो पडत नाही. उपाय: तीन पिनी प्लग, पत्र्याला घट्ट जोडलेली अर्थिंग, आणि त्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळणारा करंट पकडून वीज तोडणारा स्विच), ज्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबलं जातं. पाणी भरताना स्विच बंद करणं पुरेसं नाही, प्लग काढा. बोर्डात फेज-न्यूट्रल उलटे असतील तर स्विच बंद असूनही करंट आत असतो.

यांत्रिक: मागची ताटी काढली की पंख्याची पाती उघडी पडतात. जैविक: टाकीत आठवडाभर साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा एडिस डास वाढतो, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासून कोरडी करायची, नुसतं वरून पाणी भरून चालत नाही, अंडी कडेला चिकटून राहतात. एर्गोनॉमिक: भरलेली बादली खांद्यापर्यंत उचलून ओतणं. एक वस्तू, चार ओळी, चार वेगळी माणसं जबाबदार. रजिस्टरमध्ये मात्र "कूलर – विद्युत" एवढीच एक ओळ सापडते.

कोणत्या खान्यात काय सुटतं

उष्णता. नागपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि नवतपा (मे-अखेरचे नऊ कडक दिवस) तर वेगळाच. पण रजिस्टरसाठी हवामान खात्याचा आकडा कामाचा नाही. पत्र्याच्या शेडखाली, भट्टीजवळ, हवा कोंडलेल्या कोपऱ्यात काय आहे ते मोजा, तेही ओल्या बल्बचं तापमान आणि उष्णतेची धग धरणारं डब्ल्यूबीजीटी मीटर वापरून. मीटरही तपासलेलं हवं. मे २०२४ मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते. देशभर बातमी झाली, आणि नंतर सेन्सरच बिघडलेला निघाला.

उन्हात सर्वांत आधी पडतो तो नवा माणूस. शरीराला सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून नव्याला पहिल्या दिवशी तापलेल्या जागेत नेहमीच्या वेळेच्या पाचव्या हिश्श्याएवढंच काम द्या, आणि रोज तेवढंच वाढवत न्या. गावाला लग्नाला जाऊन दोन आठवड्यांनी परतलेला जुना माणूसही या बाबतीत जवळपास नवाच असतो, हे सुपरवायझरच्या लक्षात राहत नाही. पाणी तहान लागेल तेव्हा नको. दर १५-२० मिनिटांनी एक पेला, साधारण पाव लिटर. माठ ५० पावलं लांब असेल तर माणूस जात नाही, म्हणून माठाची जागा हीसुद्धा नोंद आहे. बोलणं असंबद्ध झालं, माणूस भलतंच वागायला लागला, अंग तापलं तर तो उष्माघात, मग घाम येत असला तरी. १०८ ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत थांबू नका. सावलीत आणून अंगावर पाणी ओता, वारा घाला, मान-काखा-जांघेत बर्फ ठेवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

रासायनिक. सगळे श्वासाचा आणि त्वचेचा विचार करतात, तोंडाचा मार्ग विसरतात. आपल्याकडे तर तो विसरून चालणारच नाही, कारण खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण). बॅटरीच्या कामात शिशाने माखलेल्या किंवा प्लेटिंगच्या टाकीजवळ क्रोमने ओल्या झालेल्या बोटांनी पन्नी उघडायची, चिमूट गालात दाबायची. शिसं थेट पोटात. तंबाखू वाईट आहे हे सांगून उपयोग होत नाही, कोणी ऐकत नाही. खात्यात खर्रा, चहा आणि डबा यांना बंदी, बाहेर वेगळी जागा, आणि त्या जागेच्या दारातच साबण-पाणी. एवढं केलं तरी खूप. क्रोम प्लेटिंगवाल्यांच्या नाकातला पडदा तपासून घ्यावा. षट्संयुजी क्रोमियमच्या वाफेने त्याला भोक पडतं आणि सुरुवातीला दुखतही नाही.

थिनर, ॲसिड, डिग्रीझर पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवलेलं दिसलं तर तेवढ्या एका कारणासाठी फेरी सार्थकी लागली समजा. उन्हाळ्यात कोणीतरी ते पितंच.

आग आणि स्फोट. ऑक्सिजन (काळा सिलिंडर) आणि ॲसिटिलीन (मरून) एकाच साखळीला बांधून साठवतात. साठ्यात दोन्हींत सहा मीटर अंतर ठेवा किंवा मध्ये पक्की भिंत. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेल-ग्रीस लावणारा हेल्पर हमखास भेटतो, "फिरत नव्हता म्हणून लावलं." दाबाखालचा ऑक्सिजन तेलाला ठिणगीशिवायही पेटवू शकतो. ॲसिटिलीनचा रेग्युलेटरमधून बाहेर येणारा दाब एक बारच्या वर नको. एलपीजी हवेपेक्षा जड, तो खड्ड्यात आणि नालीत उतरून बसतो; गळतीचा वास उभ्याने आला नाही म्हणजे गळती नाही असं नाही.

डाळ मिल आणि आरा गिरणीत धूळ फक्त "खोकला" या सदरात टाकतात. तीच धूळ तुळयांवर, पंख्यांवर, लाइटच्या टोपणावर साचते. एखाद मिलिमीटरचा थर मोठ्या भागावर पसरलेला असेल आणि छोट्या भडक्याने तो हवेत उडाला, तर दुसरा भडका पहिल्याच्या कितीतरी पट मोठा असतो. फेरीत मान वर करून पाहा, आणि तुळईवरून बोट फिरवा. साफ करताना कॉम्प्रेसरची हवा मारू नका. धूळ उडवायची तीच तर पद्धत.

बंदिस्त जागा. पाण्याची भूमिगत टाकी, ईटीपीचा (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटचा) खड्डा, सेप्टिक टँक, धान्याची कोठी. आधी यादी करून प्रत्येकावर पाटी लावा, कारण "ही काही बंदिस्त जागा नाही, वरून उघडीच आहे" असं म्हणूनच लोक उतरतात. मोजायचा क्रम: प्राणवायू, मग पेटणारा वायू, मग विषारी. वर, मध्ये आणि तळाशी, तिन्ही ठिकाणी. प्राणवायू १९.५ टक्क्यांच्या खाली किंवा २३.५ च्या वर असेल तर प्रवेश नाही. सडक्या अंड्याचा वास यायचा थांबला म्हणजे हायड्रोजन सल्फाइड गेला असं नाही. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. आत न्यायचा दिवा २४ व्होल्टच्या वर नको. आणि एकामागून एक माणसं जातात ती पहिल्याला काढायला उतरल्यामुळे. म्हणून नोंदीत "कोणाला" या रकान्यात वाचवणाराही लिहा, आणि न उतरता ओढून काढायची तिपाई-दोर आधी आणा. सेप्टिक टँक आणि गटारात संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. सक्शनची गाडी बोलवा.

आवाज. हातभर अंतरावर ओरडून बोलावं लागत असेल तर मोजमाप करून घ्या. मर्यादा ८ तासांना ९० डेसिबल, आणि दर ५ डेसिबलला वेळ निम्मा: ९५ ला ४ तास, १०० ला २ तास.

एर्गोनॉमिक. अगदी आदर्श स्थितीत, कमरेच्या उंचीवर आणि अंगाशी धरून उचलायचं वजन २३ किलोच्या आत असावं असा अमेरिकी संशोधन संस्थेचा निकष आहे. कळमना बाजारातलं पोतं ५० किलोचं. एका दिवसात सगळी हमाली बदलणार नाही, पण पोतं जमिनीवरून उचलण्याऐवजी पॅलेटवरून उचललं तरी पाठ कमी वाकते. तेवढं उद्याच होतं.

मानसिक-सामाजिक खाना रिकामा सोडतात किंवा "ताण" असं लिहितात. लिहायचं असेल तर हे लिहा: सलग दोन शिफ्ट, रात्रपाळीत एकटा माणूस, ठेक्यावरच्या पोराला तुकड्यामागे पैसे असल्याने गार्ड काढून काम. शेवटचं तर थेट बोटं तुटण्याशी जोडलेलं आहे.

आकडे देताना

गंभीरता १ ते ५, शक्यता १ ते ५, गुणाकार करा. यात दोन गडबडी होतात.

पहिली, "आजवर कधी झालं नाही" म्हणून शक्यता १. न झालेल्या अपघातावरून शक्यता काढू नका. किती वेळा हात तिथे जातो यावरून काढा. प्रेसवर शिफ्टमध्ये १,२०० तुकडे निघत असतील आणि शंभरातला एक चिकटत असेल, तर बोट १२ वेळा आत जातं. ते १ कसं होईल?

दुसरी, पीपीई दिल्यावर गंभीरता कमी करतात. हार्नेस (उंचीवर अंगाला बांधायचा सुरक्षा पट्टा) दिला म्हणून दहा मीटरवरून पडणं हलकं होत नाही. फार तर शक्यता घटते, तीही हार्नेस नीट अडकवला तर. गंभीरता खरोखर कमी होते ती धोकाच काढला किंवा बदलला तेव्हा: उंचीवरचं काम खाली आणलं, २३० व्होल्टचा हँडलॅम्प २४ व्होल्टचा केला.

गुणाकारात ५ × १ = ५ येतं आणि तक्त्यात हिरवा रंग दिसतो. मृत्यू हिरव्या रंगात. त्यामुळे नियम करा: गंभीरता ५ असलेली कोणतीही ओळ, शक्यता काहीही असो, हिरव्यात जाणार नाही आणि तिच्यावर सही मालकाची असेल.

उपाय लिहिताना क्रम वरून खाली: काढून टाकता येईल का, बदलता येईल का, जाळी-गार्ड-सक्शन लावता येईल का, कामाची पद्धत-परमिट-प्रशिक्षण, आणि सगळ्यात शेवटी पीपीई. फाइलमध्ये दहापैकी आठ ओळींत "पीपीई वापरा, जागरूकता वाढवा" असेल तर ती फाइल टेबलावर बसून भरली आहे.

ऋतू बदलला की पुन्हा फेरी

वर्षातून एकदा ऑडिटआधी रजिस्टर चाळणं आपल्या हवेला चालत नाही. मार्चअखेर कूलर, पाणी, शेड. मे-अखेर ते पहिल्या पावसापर्यंत छप्पर: गळती बंद करायला सगळे एकाच आठवड्यात पत्र्यावर चढतात, आणि सिमेंटचा जुना पत्रा पाय ठेवताच फुटतो. तिथे फळ्यांचा रस्ता टाकल्याशिवाय आणि हार्नेस अडकवायला पक्की जागा केल्याशिवाय कोणालाही वर सोडू नका. शिडी चार फूट उंचीला एक फूट बाहेर, आणि वर किमान एक मीटर निघालेली. पावसात वेल्डिंगच्या केबलचे जोड, तुंबलेली नाली, आणि मालाच्या थप्पीखाली घोणस किंवा विंचू. डिसेंबर-जानेवारीत चौकीदाराची खोली: थंडी दहाच्या खाली गेली की आत कोळशाची शेगडी पेटते, दार लावलं जातं, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

याशिवाय नवं मशीन, नवं रसायन, नवा ठेकेदार, थोडक्यात टळलेला अपघात. यातलं काहीही घडलं की त्या कामापुरती फेरी लगेच. कायद्याची चौकटही बदलली आहे: २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या कारखाने अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा व आरोग्याच्या २०२० च्या संहितेने घेतली. जुन्या कलमांचे आकडे छापलेले फॉर्म वापरत असाल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडून सध्याचा नमुना घ्या.

रजिस्टरच्या प्रत्येक ओळीला शेवटी तीन रकाने ठेवा: कोण करणार (पदनाम नाही, माणसाचं नाव), कधीपर्यंत (तारीख), आणि झाल्यावर त्या मशीनवर बसणाऱ्याची सही. तिसऱ्या रकान्यात मॅनेजरची सही चालवू नका. गार्ड बसवल्याने तुकडा काढायला अडचण होत असेल तर ते ऑपरेटरच सांगेल. आणि त्याने सांगितलं नाही, तर चौथ्या दिवशी तो गार्ड मशीनमागे भिंतीला टेकवलेला सापडेल. तसा सापडला तर ती ओळ पुन्हा उघडा आणि गार्डचं डिझाइन बदला.